सातवी ऑर्डर

इथे घरांना नंबर नसतात.
पोस्टकोड टाकला की सॅटनाव्ह मला
शेणपाण्याच्या एका डबक्यापाशी आणून सोडतं
आणि गोड आवाजात सांगतं, तुम्ही पोहोचलात.

मग फोन. पलीकडून कुणीतरी सांगतं,
प्रोबर्टांची डेअरी होती ना, पाडली ती,
तिथून डावीकडे. पुढे एक मोठं झाड होतं.
वेल्सच्या या डोंगरात निम्मा रस्ता
नसलेल्या गोष्टींच्या खुणेनं काढायचा.

सकाळी ज्यांची पोरं स्कूलबसनं शाळेत नेते
त्यांच्याच दारात संध्याकाळी नूडल्स घेऊन उभी राहते.
पोरं ओरडतात, नेरिस आली! आया पाकीट शोधतात.
कोटाला व्हिनेगरचा वास, गाडीला व्हिनेगरचा वास,
माझं मांजर माझ्या अंगाखांद्यावर
मासा शोधत फिरतं.

वाई-लिन पिशवीला अशी गाठ मारते
की सोडवायला दात लागावेत.
नेरिस, गरम पोचायला हवं, म्हणते.
अकरा मैल. मार्च महिना. हीटर बिघडलेला.
सहावी पिशवी मी पायांशी ठेवते, सातवी मांडीवर,
म्हणजे तिलाही ऊब आणि मलाही.

सहावी ऑर्डर इदवाल प्रॉसरची.
चिकन करी, अंड्याचा भात, कोळंबीचे पापड.
गेली चार वर्षं दर शुक्रवारी हेच,
आणि चार वर्षांत त्याचे माझ्याशी शब्द दोन:
‘हं’ आणि ‘बरं’.

त्या दिवशी घरात दिवा नव्हता.
मेंढवाड्यात होता.
तो गुडघ्यांवर बसलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये,
माझ्याकडे, म्हणजे माझ्या हातांकडे बघत म्हणाला,
तुझे लहान आहेत. ये.

पिशवी मी कुंपणाच्या खांबाला अडकवली.
अंगठी काढून खिशात टाकली.
बादलीतलं पाणी इतकं गार
की कोपरापर्यंतचा हात माझा राहिला नाही,
आणि आत गेल्यावर
एकदम कुणाचातरी झाला.

डोळे मिटले. उघडे ठेवून उपयोग नव्हता.
एक खूर. एक गुडघा. हा गुडघा त्या खुराचा नव्हे.
दोघं होती आत, एकमेकांत अडकलेली.
ढकल, इदवाल म्हणाला, आधी मागे ढकल,
मग ज्याचं डोकं त्याचेच पाय शोध.
मेंढी ओरडली नाही. नुसते दात खात होती.
खिशात फोन थरथरत होता, थांबत होता, थरथरत होता.

पहिलं आलं, शिंकलं, डोकं झटकलं.
दुसरं आलं.
गवतानं चोळलं त्यानं, डाव्या हातानं, बराच वेळ.
नाकात काडी घातली. पाय धरून हेलकावलं.
मग रिकामं पोतं ओढलं त्याच्यावर
आणि मला विचारलं, करी गरम आहे का?

नाही, म्हटलं.

पेंढ्यावर बसून त्यानं तशीच खाल्ली, थंडगार.
गाठ त्याला एका हातानं सुटेना; मी दातांनी सोडली.
पापडांची पिशवी माझ्याकडे सरकवली.
चौदा पौंड साठ पेन्स मोजून दिले, एक पेनी जास्त नाही,
आणि मला ते बरंच वाटलं.

सातवी ऑर्डर चाळीस मिनिटं उशिरा पोचली.
शहरातून आलेलं जोडपं, धान्याच्या कोठाराचं घर केलेलं,
भिंतभर काच. माझ्या बाह्या पाहून
बाई दारातच एक पाऊल मागे सरली.
तक्रार गेली. वाई-लिननं ती मला वाचून दाखवली:
उशीर, थंड, आणि झाकणाला लोकर.
पैसे कापले नाहीत. विचारलं फक्त,
कुठलं जगलं, आधीचं की नंतरचं?

आता ऑसियन येतो माझ्या सुट्टीच्या दिवशी.
परवा त्यानं प्रॉसरचा पत्ता विचारला.
सांगितलं: डेअरी होती तिथून डावीकडे, झाड होतं तिथून वर.
घराचं दार वाजवू नकोस.
दिवा कुठे आहे ते बघ,
आणि बाह्या आधीच वर कर.